आवाज बाईचा हवा, पंख्याचा नको



गेल्या महिन्यात आमच्या गटातल्या एका ताईने रेडिओसाठी बोलणं रेकॉर्ड केलं. ऐकायला बसलो तर तिच्या बोलण्यामागे सारखी घरघर. आधी वाटलं, चाकण-तळेगाव रस्त्यावरचे कंटेनर असतील. दारं-खिडक्या लावल्या, तरी तेच. शेवटी वाकून कान लावला, तर घरघर टेबलाखालच्या कॉम्प्युटरमधून येत होती.

हा कॉम्प्युटर गटाने जुना घेतलेला. त्याला दोन स्क्रीन आहेत. एकीवर ऑर्डरी, दुसरीवर हिशोब. शेजारी शेजारी दिसलं की आकडे उतरवताना चूक होत नाही. विकणारा म्हणाला, "दोन स्क्रीन म्हणजे मोठं ग्राफिक्स कार्ड लागणारच." मी मान डोलावली आणि गटाच्या बचतीतून पैसे दिले. सही माझी होती, म्हणून आज तुम्हाला सांगते.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे स्क्रीनला चित्र पुरवणारी पाटी. ती काम करताना तापते. तिला थंड ठेवायला वर धातूच्या पट्ट्या आणि छोटा पंखा असतो. छोट्या पंख्याला पुरेशी हवा फेकायची तर जोरात फिरावं लागतं, म्हणून आवाज. त्यात आपल्याकडची धूळ बसली की पाटी आणखी तापते आणि पंखा आणखी ओरडतो.

आता घेण्याआधी काय बघायचं?

पहिलं, कार्ड लागतंय का? हिशोब, पत्रं, फॉर्म भरणं यांना मोठं कार्ड लागत नाही. बऱ्याच प्रोसेसरमध्ये चित्र दाखवायची सोय आतच असते. डब्याच्या मागे, यूएसबीच्या भोकांजवळ, एचडीएमआय, व्हीजीए किंवा डिस्प्ले पोर्ट यांतली दोन भोकं असतील, तर बहुतेक वेळा दोन स्क्रीन तिथेच चालतात. मात्र इंटेलच्या प्रोसेसरच्या नंबराशेवटी 'एफ' असेल, तर त्यात ही सोय नसते. मग कार्ड घ्यावंच लागतं.

दुसरं, घ्यायचंच तर बिनपंख्याचं मागा. एनव्हिडियाचं जीटी १०३० सुमारे ३० वॅट वीज घेतं, म्हणजे ९ वॅटचे तीन-साडेतीन बल्ब. गेम खेळायची मोठी कार्डं दीडशे वॅट आणि त्याहून जास्त खातात. जीटी ७१० आणखी कमी, १९ वॅट घेतं, पण ते २०१६ सालचं, आता जुनं झालं. एकाच नावाचं कार्ड पंख्याचंही मिळतं आणि बिनपंख्याचंही, म्हणून खोका उघडून डोळ्यांनी बघा.

तिसरं, भोकं जुळतात का? जुन्या स्क्रीनला बहुधा व्हीजीए असतं, ते जीटी १०३०ला सहसा नसतं. मग वेगळा कन्व्हर्टर लागतो. दुकानात जाताना दोन्ही स्क्रीनच्या मागचा फोटो मोबाईलमध्ये न्या.

चौथं, पंखा नसला तरी वारा लागतोच. डबा बंद कपाटात ठेवू नका, भिंतीपासून वीतभर पुढे घ्या. पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात जास्त जपा. महिन्यातून एकदा वीज बंद करून, पिन काढून, मऊ ब्रशने धूळ झाडा.

आमचं काय झालं? ओळखीच्या मुलाने कार्ड काढलं. मागे व्हीजीए आणि एचडीएमआय दोन्ही होतं. वायरी तिथे लावल्या आणि दोन्ही स्क्रीन चालू झाल्या! नवा खर्च एक रुपया नाही. डब्यातले बाकीचे पंखे थोडे वाजतात, म्हणून रेकॉर्डिंगला डबा खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवतो आणि माईक तोंडाजवळ धरतो. ताईचं बोलणं आता स्वच्छ येतं.

पण कार्ड परत घ्यायला विकणारा तयार झाला नाही. ते पैसे गेले. बैठकीत मी ते सगळ्यांसमोर सांगितलं, इतिवृत्तात लिहिलं. कोणी ओरडलं नाही, पण ठराव झाला: यापुढे कुठलंही यंत्र घेताना दोघींनी जायचं आणि एकीने विचारायचं, "हे नसलं तर आमचं काय अडेल?" त्याचं उत्तर नीट समजल्याशिवाय सही करायची नाही.

तुमच्या गटातही हा प्रश्न विचारून बघा. येते, नमस्कार!