संधिपादांचे जीवाश्म आणि त्यांचे अभ्यासक: गैरसमज व वस्तुस्थिती

सांधेदार पाय आणि कठीण बाह्यकवच असलेले प्राणी म्हणजे संधिपाद. खेकडा, कोळंबी, विंचू, झुरळ हे सगळे याच संघातले. या संघातील नामशेष प्राण्यांचा जीवाश्मांवरून अभ्यास करणे ही पुराजीवशास्त्राची एक शाखा आहे. तिच्याविषयीचे अनेक गैरसमज ब्रिटिश संशोधक हॅरी व्हिटिंग्टन (१९१६–२०१०) यांच्या कारकिर्दीवरून दूर होतात.

गैरसमज: पुराजीवशास्त्रज्ञ डायनासोरच शोधतात.
वस्तुस्थिती: ट्रायलोबाइट या सागरी संधिपादांच्याच २०,००० हून अधिक प्रजाती ज्ञात आहेत. पहिला डायनासोर अवतरण्यापूर्वीच, सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी, त्या नामशेष झाल्या. व्हिटिंग्टन हे त्यांचेच तज्ज्ञ होते.

गैरसमज: नव्या शोधासाठी नवे उत्खनन लागते.
वस्तुस्थिती: कॅनडातील बर्जेस शेलचे जीवाश्म चार्ल्स वॉलकॉट यांना १९०९ मध्ये सापडले. त्यांनी ६५,००० हून अधिक नमुने गोळा केले. व्हिटिंग्टन १९६६ व १९६७ च्या नव्या उत्खननात होते. पण संग्रहालयातले जुने नमुनेही त्यांनी पुन्हा तपासायला घेतले.

गैरसमज: जीवाश्म म्हणजे दगडावरचा सपाट ठसा.
वस्तुस्थिती: बर्जेस शेलच्या जीवाश्मांत अवयवांचे थर एकावर एक दबलेले असतात. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक कंपन-छिन्नीने वरचा थर कणाकणाने काढला, की खालचे अवयव दिसतात. वॉलकॉट यांनी संधिपाद ठरवलेला ओपाबिनिया हा प्राणी व्हिटिंग्टन यांनी असाच कोरून पाहिला, तेव्हा त्याला सांधेदार पाय आढळलेच नाहीत. डोळे पाच आणि पुढे लवचीक सोंड! १९७२ मध्ये ऑक्सफर्डच्या सभेत त्याचे चित्र पाहून हशा पिकला. १९७५ च्या शोधनिबंधानंतर मात्र तेच चित्र मान्य झाले. आज ओपाबिनिया संधिपादांचा जवळचा नातलग मानला जातो.

गैरसमज: एकदा केलेली ओळख कायमची.
वस्तुस्थिती: एक अवयव कोळंबीचे धड, दुसरा जेलीफिश आणि तिसरा भाग समुद्रकाकडी, अशी तीन जीवाश्मांची नोंद होती. ही तिन्ही एकाच प्रकारच्या शिकारी प्राण्याची अंगे आहेत, हे व्हिटिंग्टन आणि डेरेक ब्रिग्ज यांनी १९८५ मध्ये दाखवले. त्या प्राण्याचे नाव अॅनोमॅलोकॅरिस.

गैरसमज: निवृत्तीबरोबर संशोधन संपते.
वस्तुस्थिती: व्हिटिंग्टन केंब्रिजमधून १९८३ मध्ये निवृत्त झाले, अॅनोमॅलोकॅरिसचा उलगडा त्यानंतरचा. २००१ मध्ये जपानचा आंतरराष्ट्रीय जीवशास्त्र पुरस्कार मिळाला, तेव्हा ते ८५ वर्षांचे होते.