ऊन, 'ड' जीवनसत्त्व आणि रक्तातील पांढऱ्या पेशी

गंगापूर तालुक्यास उन्हाची वाण नाही. परंतु कायगावच्या गोदाकाठी शेतात राबणाऱ्यास जे ऊन नकोसे होते, ते याच तालुक्यातील वाळूज औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या कामगाराच्या वाट्यास फारसे येत नाही. उन्हातील अतिनील किरणांमुळे त्वचेत 'ड' जीवनसत्त्व तयार होते. त्याच्या अभावी मुलांना मुडदूस होतो, हे शिक्षकवर्गास परिचितच आहे. रोगजंतूंशी लढणाऱ्या रक्तातील पांढऱ्या पेशींवरही त्याचा अंमल चालतो, ही गोष्ट मात्र गेल्या चार-पाच दशकांतच उलगडत गेली.

त्वचेतील हे जीवनसत्त्व प्रथम यकृतात व नंतर मूत्रपिंडात बदलून कार्यक्षम होते. १९८१ साली जपानी संशोधकांनी हे कार्यक्षम रूप उंदराच्या रक्तकर्करोगाच्या अपक्व पेशींना दिले, तेव्हा त्या जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशींप्रमाणे प्रौढ होऊ लागल्या. १९८३ मध्ये मानवी लसिका पेशींत (पांढऱ्या पेशींचाच हा एक प्रकार) या जीवनसत्त्वाचे ग्राहक रेणू सापडले. तेही विश्रांत पेशींत नव्हे, तर लढ्यास सज्ज झालेल्या पेशींत. पुढच्याच वर्षी असे दिसून आले की, त्याच्या सान्निध्यात या पेशींचे विभाजन मंदावते. 'प्रतिकारशक्तिवर्धक' म्हणून ज्याची जाहिरात होते, ते या पेशींची संख्या वाढवीत नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. नवी शिपाईभरती करण्यापेक्षा असलेल्या शिपायांना तयार करणे व प्रसंगी आवरणे, हे त्याचे काम होय.

२००६ साली लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी दाखविले की, क्षयजंतूची चाहूल लागताच भक्षक पेशी हे जीवनसत्त्व स्वतःच कार्यक्षम करून घेतात व कॅथेलिसिडिन नावाचे जंतुनाशक द्रव्य बनवितात. यावरून गोळ्या देऊन क्षयरोग टाळता येईल, अशी आशा निर्माण झाली. मंगोलियात ८,८५१ शाळकरी मुलांवर तीन वर्षे तसा प्रयोग झाला. २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : जीवनसत्त्व मिळालेल्या व नुसत्या दिखाऊ गोळ्या मिळालेल्या मुलांत क्षयसंसर्गाचे प्रमाण जवळजवळ सारखेच राहिले.

म्हणून दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्या माणसास अंगणातल्या उन्हात बसविले, तरी थुंकीची तपासणी व क्षयरोगाचे निदान झाल्यास पूर्ण मुदतीचा औषधोपचार चुकत नाही. रक्ततपासणीत 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता आढळल्यास मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. हे जीवनसत्त्व शरीरातील चरबीत साठून राहते आणि अतिरेक झाल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना अपाय होतो.