गांजा, भांग, मॉर्फिन : रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी कायदा काय सांगतो?

घरातील दीर्घकाळ आजारी असलेल्या माणसासाठी औषध आणणारी, ते वेळेवर देणारी आणि उरलेले कपाटात जपून ठेवणारी व्यक्ती बहुधा डॉक्टर किंवा परिचारिका नसते. ती त्या घरातील मुलगी, सून, मुलगा किंवा भाऊ असते. औषध साधे असेल तर त्यात कायद्याचा प्रश्न येत नाही. परंतु ते भांग, गांजा किंवा अफूपासून तयार झालेले असेल, तर ते हाताळणाऱ्याची जबाबदारी काय, हे आधीच जाणून घेणे आवश्यक ठरते.

अमेरिकेतील अनेक राज्यांत अशा शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीला कायद्याने स्वतंत्र स्थान दिले आहे. भारतात तसे स्थान नाही. त्यामुळे येथे कोणती मुभा आहे आणि कोणती नाही, याचा विचार औषधागणिक करावा लागतो.

तंजावरचे एक उदाहरण

मराठी वाचकांना तंजावर परके नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत येथे भोसल्यांचे राज्य होते. सरफोजी राजे दुसरे (१७७७-१८३२) यांनी येथे धन्वंतरी महाल स्थापन केला. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक या चारही पद्धतींचे जाणकार तेथे एकत्र काम करीत. त्यांच्या अनुभवसिद्ध औषधयोगांचा संग्रह ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने तमिळमध्ये प्रसिद्ध झाला आहे. आजही तंजावरमध्ये मराठी बोलणारी अनेक कुटुंबे आहेत.

समजा, अशाच एका कुटुंबातील वृद्ध आईला कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यात असह्य वेदना होत आहेत. मुलगी तिची शुश्रूषा करते. अमेरिकेतील मामेभाऊ म्हणतो, ‘इकडे मिळणारे गांजाचे तेल पाठवतो.’ शेजारी सुचवतात, ‘काशीला भांग उघड मिळते, ती आणा.’ रुग्णालयातील डॉक्टर मॉर्फिनच्या गोळ्यांचा विचार करण्यास सांगतात. तिन्ही सल्ले आपुलकीने दिलेले आहेत, पण कायद्याच्या दृष्टीने त्यांत मोठा फरक आहे.

अमेरिकेतील व्यवस्था

कॅलिफोर्निया राज्यात १९९६ मध्ये सार्वमताने वैद्यकीय कारणासाठी गांजाला परवानगी मिळाली. रुग्णाचे घर, आरोग्य किंवा सुरक्षितता यांची जबाबदारी सातत्याने सांभाळणाऱ्या व्यक्तीला त्या कायद्यात ‘प्राथमिक काळजीवाहक’ म्हटले आहे. केवळ गांजा पुरवला म्हणून कोणी काळजीवाहक ठरत नाही, गांजाशी संबंध नसलेली शुश्रूषा आधीपासून किंवा निदान त्याच वेळेपासून केलेली असली पाहिजे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिला.

मिशिगन राज्याने २००८ च्या कायद्यात संख्येची मर्यादा घातली. काळजीवाहकाचे वय किमान २१ वर्षे असावे, त्याने जास्तीत जास्त पाच रुग्णांची जबाबदारी घ्यावी आणि प्रत्येक रुग्णामागे बारापर्यंत झाडे लावावीत, अशी ही तरतूद आहे.

ही सर्व मुभा त्या त्या राज्यापुरती आहे. राज्याने परवानगी दिली तरी संघराज्याचा कायदा लागू करता येतो, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच स्पष्ट केले. अमेरिकेतील ओळखपत्र किंवा तेथील डॉक्टरांची चिठ्ठी भारतात परवाना ठरत नाही.

गांजाविषयी भारतीय कायदा

भारतात या विषयाचे नियमन गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ या कायद्याने होते. तो ‘एनडीपीएस कायदा’ या नावाने परिचित आहे. त्याच्या कलम ८ नुसार अशी द्रव्ये बाळगणे, विकत घेणे, वाहून नेणे, वापरणे आणि आयात करणे यांवर बंदी आहे. वैद्यकीय आणि वैज्ञानिक कारणाचा अपवाद त्याच कलमात आहे, मात्र कायदा आणि नियम ज्या रीतीने आणि ज्या मर्यादेत परवानगी देतात, तेवढ्यापुरताच तो लागू होतो. ‘आजारासाठी घेतले’ एवढे म्हटल्याने हा अपवाद मिळत नाही.

कायद्याच्या व्याख्येनुसार गांजा म्हणजे वनस्पतीचे फुलोरे किंवा फळे धरलेले शेंडे आणि चरस म्हणजे तिची राळ. हशीश तेल या नावाने ओळखला जाणारा राळेचा अर्कही चरसमध्ये मोडतो. त्यामुळे मामेभावाने पाठवलेल्या बाटलीतील तेल फुलोऱ्यापासून किंवा राळेपासून काढलेले असेल, तर ती बाटली टपालाने मागवणे हा बेकायदा आयातीचा गुन्हा ठरू शकतो.

शिक्षा प्रमाणानुसार ठरते. २००१ च्या अधिसूचनेप्रमाणे गांजाचे ‘अल्प प्रमाण’ एक किलोपर्यंत, तर ‘व्यापारी प्रमाण’ वीस किलोंहून अधिक मानले जाते. चरससाठी हेच आकडे शंभर ग्रॅम आणि एक किलो असे आहेत. अल्प प्रमाणासाठी एक वर्षापर्यंत सश्रम कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. व्यापारी प्रमाणासाठी किमान दहा वर्षे कारावासाची तरतूद आहे आणि जामीन मिळणेही अत्यंत कठीण असते. औषधात मिसळलेल्या तटस्थ पदार्थाचे वजनही प्रमाण ठरवताना धरावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने हिरा सिंग प्रकरणात २०२० मध्ये दिला आहे.

परवान्याशिवाय झाड लावणे हा स्वतंत्र गुन्हा असून त्यासाठी दहा वर्षांपर्यंत सश्रम कारावास होऊ शकतो. घरगुती औषधासाठी अमुक इतकी झाडे चालतील, अशी सवलत कायद्यात नाही. आपल्या घराचा अशा गुन्ह्यासाठी वापर होत असल्याचे माहीत असूनही तो होऊ देणाऱ्या घरमालकावरही कारवाई होऊ शकते. स्वेच्छेने उपचार घेऊ इच्छिणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण देणारे कलम ६४-अ या कायद्यात आहे, पण वेदनेने त्रस्त असलेल्या रुग्णासाठी किंवा त्याची शुश्रूषा करणाऱ्यासाठी तशी तरतूद नाही.

भांग आणि ‘विजया’

शेंडे सोबत नसलेली पाने आणि बिया केंद्रीय कायद्याच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. भांग पानांपासून होते. म्हणूनच उत्तर भारतातील काही राज्यांत ती सरकारमान्य दुकानांत मिळते. परंतु पानांचे नियमन राज्यांच्या हाती असते आणि प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. तमिळनाडूचा १९३७ चा दारूबंदी कायदा मद्याबरोबरच मादक द्रव्यांसाठीही केलेला आहे. काशीच्या दुकानातील परवाना तंजावरच्या बसस्थानकावर उपयोगी पडेल, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

आयुर्वेदात भांगेला ‘विजया’ म्हणतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या ‘ई-१’ या अनुसूचीत तिचा समावेश आहे. वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावयाच्या विषारी द्रव्यांची ही यादी आहे. परवानाधारक उत्पादकाने बनवलेले, परवाना क्रमांक आणि इशारा छापलेले औषध नोंदणीकृत वैद्याच्या चिठ्ठीने घेणे हा या वनस्पतीपुरता त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग आहे. असे औषध मळमळ किंवा झोपेच्या तक्रारीसाठी सुचवले जात असले, तरी त्याने कर्करोग बरा होत नाही, हे कुटुंबाने ध्यानात ठेवले पाहिजे.

मॉर्फिनसाठी स्वतंत्र मार्ग

अफूपासून मिळणाऱ्या मॉर्फिनची गोष्ट वेगळी आहे. कर्करोगाच्या तीव्र वेदनांवर ते जगभर मान्यता पावलेले औषध आहे. १९८५ च्या कायद्यानंतर प्रत्येक राज्याचे निरनिराळे परवाने मिळवण्याच्या खटाटोपात रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले आणि असंख्य रुग्ण वेदनेतच गेले. ही स्थिती बदलावी म्हणून डॉक्टरांच्या संघटनांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला. संसदेने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. अंमली औषधांचा वैद्यकीय वापर सुनिश्चित करणे हेही सरकारचे कर्तव्य असल्याचे कलम ४ मध्ये नमूद झाले.

त्यानुसार २०१५ मध्ये मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधे ‘अत्यावश्यक अंमली औषधे’ म्हणून घोषित करण्यात आली. ज्या रुग्णालयात वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर आहे, त्याला राज्याच्या औषध नियंत्रकाकडून ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ असा दर्जा मिळू शकतो. रुग्णाच्या वापरासाठी नियमानुसार एका वेळी जेवढे औषध दिले असेल, तेवढे जवळ बाळगण्याची मुभा आहे.

झोपेच्या किंवा चिंता कमी करणाऱ्या काही गोळ्या मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांत मोडतात. त्या स्वतःच्या उपचारासाठी एका वेळी शंभर मात्रांपर्यंत ठेवता येतात. दीर्घ उपचारासाठी डॉक्टरांनी तसे स्पष्ट लिहून दिल्यास ही मर्यादा तीनशे मात्रांपर्यंत वाढते.

म्हणजेच उदाहरणातील मुलीला तिन्ही सल्ल्यांपैकी डॉक्टरांचा सल्ला पाळताना कायद्याचा सर्वांत भक्कम आधार आहे. मात्र येथेही औषध आणणाऱ्या नातेवाइकासाठी वेगळे ओळखपत्र नाही. आपण कोणासाठी आणि काय नेत आहोत, हे तिला कागदांवरूनच दाखवावे लागते.

चौकशी झाल्यास

तमिळनाडू पोलिसांनी २०२२ मध्ये ‘ऑपरेशन गांजा २.०’ ही राज्यव्यापी मोहीम राबवली होती. श्रीलंकेकडे होणाऱ्या चोरट्या वाहतुकीमुळे कावेरीच्या मुखाजवळील किनाऱ्यावरही लक्ष ठेवले जाते. अशा तपासणीत प्रामाणिक माणूसही गडबडून जातो. म्हणून पुढील बाबी माहीत असाव्यात.

* अंगझडतीपूर्वी, ती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर व्हावी अशी मागणी करण्याचा अधिकार कलम ५० ने दिला आहे. स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यावयाची असते.
* कलम ६७ खाली अधिकाऱ्यांनी नोंदवलेला जबाब कबुलीजबाब म्हणून वापरता येत नाही. हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तुफान सिंग विरुद्ध तमिळनाडू राज्य या प्रकरणात दिला.
* आरोपीचा हेतू गुन्ह्याचाच होता, असे गृहीतक कलम ३५ मध्ये आहे. तसे नव्हते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर येते.

शुश्रूषा करणाऱ्यांनी काय जपावे?

* रुग्णाच्या नावाची, तारखेची आणि डॉक्टरांच्या नोंदणी क्रमांकाची चिठ्ठी मूळ स्वरूपात जवळ ठेवावी. सोबत औषधाची पावती आणि रुग्णालयाचे कार्ड असावे.
* गोळ्या मूळ वेष्टनातच ठेवाव्यात. दिलेल्या मात्रांची तारीखवार नोंद वहीत करावी.
* औषध कुलूपबंद ठेवावे. तशाच आजाराच्या दुसऱ्या रुग्णालाही, दया म्हणून का होईना, ते देऊ नये.
* रुग्णाच्या निधनानंतर उरलेले मॉर्फिन ज्या संस्थेने दिले तिच्याकडे परत करून तशी नोंद घ्यावी. ज्याच्या वापरासाठी औषध दिले होते ती व्यक्तीच नसल्याने ते घरात ठेवण्याचा आधार संपतो.
* शंका असल्यास खरेदीपूर्वीच डॉक्टर, औषध निरीक्षक किंवा वकील यांना विचारावे.

संयुक्त राष्ट्रांच्या अंमली औषधी आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये गांजाला सर्वाधिक कडक निर्बंधांच्या चौथ्या अनुसूचीतून वगळले. त्या ठरावाच्या बाजूने भारतानेही मत दिले होते. त्या मतदानाने देशातील कायदा आपोआप बदलला नाही. मॉर्फिनच्या बाबतीत रुग्णाची वेदना कायद्याच्या भाषेत उतरण्यास जवळजवळ तीस वर्षे लागली. त्या रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्या व्यक्तीचा कायद्यात उल्लेख होईपर्यंत तिने चिठ्ठी, पावती आणि नोंदवही हाताशी ठेवणेच हिताचे आहे.