बफरच्या पलीकडचं कुलाबा

संध्याकाळचे सहा. चर्चगेटच्या फलाटाच्या टोकाशी, बफरांजवळ उभा राहिलो की एक गंमत दिसते. लोकल रांगत आत येते आणि ती थांबायच्या आधीच माणसं खिडकीसाठी आत उड्या घेतात. मोटरमन बॅग सावरत उतरतो. बारा डबे पलीकडे दुसरा मोटरमन केव्हाच चढलेला असतो. तोंडाचं शेपूट होतं, शेपटाचं तोंड. इंडिकेटर बदलतो आणि चार-पाच मिनिटांत तीच गाडी विरार होऊन निघते.

वाफेच्या इंजिनाला हे जमत नसे. ते सोडायचं, शेजारच्या रुळावरून फिरवून दुसऱ्या टोकाला जोडायचं, कोळसा-पाणी बघायचं. त्याला ऐसपैस जागा लागे, आणि ती जागा होती कुलाब्याला. चर्चगेट १८७० पासूनचं खरं, पण तेव्हा ते मधलं स्टेशन. बीबीसीआय म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेच्या गाड्या इथे थांबून पुढे कूपरेजच्या अंगाने कुलाब्याला जात. तिथलं स्टेशन १८७३ चं, पक्की इमारत १८९६ ची. रुळांसोबत कापसाच्या गासड्याही येत. कापसाचा बाजार तिथेच भरायचा. पुढे तो शिवडीला गेला आणि जाताना ‘कॉटन ग्रीन’ हे नावही घेऊन गेला. कुलाब्याच्या नशिबी तेवढंही उरलं नाही.

१९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या सुरू झाल्या. दोन्ही टोकांना केबिन असल्यामुळे इंजिन फिरवायची कटकट संपली. तिकडे बॅकबे रेक्लमेशनसाठी सरकारला रुळांखालची जमीन हवी होती. १८ डिसेंबर १९३० ला मुंबई सेंट्रल उघडलं, लांबच्या गाड्यांची सोय लागली. ३१ डिसेंबरला कुलाबा बंद. सगळा हिशेब तेरा दिवसांत मिटला. मला विचाराल तर कुलाब्याचा घास जमिनीच्या भावाने घेतला. विजेने फक्त वाट मोकळी करून दिली.

तेव्हापासून गाडी या बफरांशी थांबते. एक अपवाद आठवतो, २८ जून २०१५ चा. त्या दिवशी एक लोकल बफर मोडून थेट फलाटावर चढली. जीव कुणाचा गेला नाही म्हणून म्हणवतं, तिला कुलाबा आठवलं असावं.

मी मात्र पायी निघालो. अर्ध्या तासात बधवार पार्क. जुन्या स्टेशनाच्या जागेवर आता रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे, म्हणजे जमिनीचा एक तुकडा तरी रेल्वेच्याच घरात राहिला. गेटवर रखवालदाराने हटकलं, “कुणाकडे?”

“कुणाकडे नाही. इथे स्टेशन होतं ना, ते बघायला.”

“स्टेशन इथे नाही साहेब, पुढे. कफ परेड. सरळ जा, जिना उतरा.”

त्याचंही बरोबरच होतं. ऑक्टोबर २०२५ पासून तिथे मेट्रो येते, जमिनीखालून.