हात दिसला की कॅमेरा सापडतो

पवईच्या आयआयटीत संगणकशास्त्र विभागात प्रा. कवी आर्य यांच्या नेतृत्वाखाली ‘ई-यंत्र’ हा उपक्रम चालतो. त्याच्या रोबोटिक्स स्पर्धेत देशभरातल्या कॉलेजांची मुलं उतरतात. २०२३-२४ च्या स्पर्धेत ‘कॉस्मो लॉजिस्टिक’ नावाचा एक विषय होता : गोदामातली खोकी यूआर-५ या यांत्रिक हाताने उचलायची. खोक्यांवर काळ्या-पांढऱ्या चौकटीचा ‘आरुको’ छाप. तो दिसला की खोकं किती लांब आणि किती तिरकं आहे, हे कॅमेऱ्याला कळतं.

खरी मेख यापुढे आहे. कॅमेरा अंतर सांगतो ते स्वतःपासूनचं. हाताला हवं असतं ते त्याच्या बैठकीपासूनचं, म्हणजे जिथे तो टेबलाला बोल्टने घट्ट बसवला आहे तिथपासूनचं. एका हिशेबातून दुसऱ्यात जायचं तर कॅमेरा बैठकीच्या किती पुढे, किती बाजूला, किती वर, आणि तिन्ही दिशांनी किती वळलेला आहे हे ठाऊक हवं. हे फक्त सहा आकडे, पण त्यातला एक जरी चुकला तरी पुढचं सगळं बिनसतं. यूआर-५ ची पोच ८५० मिलिमीटर. एकाच जागी पुन्हापुन्हा जाताना त्याची चूक ०.१ मिलिमीटरच्या आसपास असते. पण कॅमेऱ्याचा कोन एका अंशाने चुकीचा धरला, तर मीटरभर लांबच्या वस्तूची जागा सतरा मिलिमीटरने चुकते. मग हात अत्यंत काटेकोरपणे चुकीच्या ठिकाणी जातो आणि चिमटा हवेतच मिटतो.

संगणकावरच्या आभासी गोदामात हे सहा आकडे फुकट मिळतात, कारण कॅमेरा आपणच तिथे ठेवलेला असतो. मरोळच्या एमआयडीसीतल्या गाळ्यात ते कोणी आणून देत नाही. तिथे रीतसर कॅलिब्रेशन करावं लागतं. बुद्धिबळाच्या पटासारखी घरं छापलेला सपाट पत्रा हाताच्या टोकाला बसवायचा, हात निरनिराळ्या स्थितींत थांबवायचा, दर वेळी फोटो घ्यायचा आणि मग समीकरणं सोडवायची. ही वाट रॉजर त्साय आणि राइमार लेन्झ यांनी १९८९ मध्ये नीट घालून दिली आणि ती आजही भरवशाची आहे. अडचण एवढीच, की साफसफाई करताना कॅमेऱ्याच्या ब्रॅकेटला कोणाचा खांदा लागला तर सगळं पहिल्यापासून. तोवर काम बंद. छोट्या गाळ्यात यासाठी वेगळा इंजिनियर नसतो, म्हणून हा प्रश्न मला प्रयोगशाळेपेक्षा तिथे जास्त महत्त्वाचा वाटतो.

पत्रा कशाला, हातच समोर दिसतोय की! घाटकोपर स्टेशनचा फोटो पाहून रोजचा प्रवासी सांगतो, की तो पुलावरून काढलाय की फलाटावरून. जागा ओळखीची असली की फोटो काढणारा कुठे उभा होता ते उमगतं. यांत्रिक हात तर त्याहून ओळखीचा : त्याची प्रत्येक लांबी नकाशात लिहिलेली, आणि कुठला सांधा किती वळलाय हे त्याच्यातले एन्कोडर क्षणोक्षणी सांगतात.

एनव्हिडिया आणि कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘ड्रीम’ नावाची पद्धत मांडली, ती याच आधारावर. एक साधा रंगीत फोटो न्यूरल नेटवर्कला द्यायचा. नेटवर्क प्रत्येक सांध्यासाठी एक नकाशा काढतं. सांधा जिथे असावा असं त्याला वाटतं तिथे ठिपका उजळतो. खात्री नसेल तर तो फिका राहतो. फिका ठिपका सोडून देता येतो, हे मला या पद्धतीतलं सर्वांत शहाणपणाचं काम वाटतं. नेटवर्कचं काम इथे संपतं. पुढे शुद्ध भूमिती : सांध्यांच्या अवकाशातल्या जागा माहीत, फोटोतल्या जागा माहीत, भिंगाची मोजमापं माहीत, तर कॅमेरा कुठे? भूमापनाच्या संदर्भात हे कोडं योहान ऑगस्ट ग्रुनर्ट या जर्मन गणितज्ञाने १८४१ मध्येच सोडवलं होतं. तीन बिंदूंवरून चारपर्यंत उत्तरं निघू शकतात. खरं कोणतं हे चौथा बिंदू ठरवतो.

सगळंच काम नेटवर्कवर सोपवायचा प्रयत्नही झाला होता. केंब्रिज विद्यापीठाच्या ‘पोझनेट’ या नेटवर्कने २०१५ मध्ये फोटोवरून थेट कॅमेऱ्याची जागा आणि दिशा सांगून दाखवली. उघड्या रस्त्यांवर चूक साधारण दोन मीटर आणि तीन अंश, इमारतीच्या आत अर्धा मीटर आणि पाच अंश. रस्ता शोधायला ते ठीक. खोकं उचलायला मात्र अजिबात चालणार नाही. ज्या गणिताचं उत्तर पावणेदोनशेहून जास्त वर्षांपूर्वी मिळालंय ते नेटवर्कला उदाहरणांवरून पुन्हा शिकवण्यात मला अर्थ दिसत नाही. फोटोत सांधा ओळखणं हे नजरेचं काम, ते नेटवर्कने करावं.

ही नजर तयार कशी होते? खऱ्या फोटोंवर सांधे हाताने खुणावत बसायला नको म्हणून संशोधकांनी संगणकावरच हाताची चित्रं तयार केली. त्यांत प्रकाश, रंग, पार्श्वभूमी आणि कॅमेऱ्याची जागा मुद्दाम वाटेल तशी बदलली. त्यामुळे संध्याकाळी अर्ध्या शटरखालून तिरपं ऊन आलं, मागे तेलाचे डबे रचलेले असले, तरी नेटवर्क बिचकण्याचा धोका बराच कमी होतो. पण शिकवणी त्या-त्या हातापुरतीच असते. ‘ड्रीम’ची तपासणी फ्रांका पांडा, कुका आणि बॅक्स्टर या हातांवर झाली; यूआर-५ साठी वेगळं शिकवावं लागेल.

सांधे यंत्राच्या किंवा माणसाच्या आड गेले, किंवा हात कॅमेऱ्यापासून फार लांब असला, तर एका फोटोवर विसंबू नये. हात चार-सहा वेगवेगळ्या स्थितींत नेऊन सगळ्या फोटोंचं मिळून एकच उत्तर काढलं की चूक घटते. आणि तरीही कामाची पाळी सुरू होण्याआधी टेबलावर चार खुणा कराव्यात, कॅमेऱ्याने त्या शोधाव्यात आणि हाताचं टोक सावकाश त्यांवर नेऊन पाहावं. टोक आणि खूण यांच्यात फट दिसली, तर आधी ब्रॅकेटचे स्क्रू तपासावेत.