घाडगे, यशवंत
घाडगे, यशवंत : (१६ नोव्हेंबर १९२१–१० जुलै १९४४). मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे मराठा पलटणीतील नाईक. जन्म माणगाव तालुक्यातील (तत्कालीन कुलाबा, आताचा रायगड जिल्हा) पळसगाव येथे. कोकणपट्टी आणि घाटमाथ्यावरील मावळे हा मराठा पलटणींच्या भरतीचा जुना मुलूख. घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते.

४ जून १९४४ रोजी रोम दोस्त राष्ट्रांच्या हाती आल्यावर जर्मन सैन्य उत्तरेकडील गॉथिक फळीकडे हटू लागले. मात्र ही माघार लढत लढत चालली होती. डोंगरउतारांवर मोक्याच्या जागी मशीनगनी रोवून थोड्या सैनिकांनिशी मोठ्या फौजेला अडवावयाचे, हे तिचे तंत्र. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात दहाव्या भारतीय डिव्हिजनला अशी ठाणी एकेक करून घ्यावी लागली. १० जुलै रोजी अशाच एका ठाण्यावरील हल्ल्यात घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज तुकडीतील सर्व जवान ठार वा जखमी झाले. नायकाने आडोसा घेऊन कुमक येण्याची वाट पाहिली असती, तर त्याला कोणी दोष दिला नसता. घाडगे एकटेच ठाण्यावर धावून गेले. त्यांनी हातबाँब फेकून मशीनगन व ती चालविणारा सैनिक निकामी केला. दुसऱ्यास टॉमी गनने टिपले. काडतुसांची पेटी बदलण्यास अवधी नव्हता. तेव्हा बंदूक नळीकडून धरून तिच्या तडाख्यांनी त्यांनी उरलेल्या दोघांना ठार केले. दडून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत व पाठीत लागून, एकट्याने जिंकलेल्या त्या ठाण्यातच त्यांना मृत्यू आला. त्या वेळी ते २२ वर्षांचे होते.

व्हिक्टोरिया क्रॉस १८५६ मध्ये सुरू झाला, तेव्हा मृत सैनिकास तो देण्याची तरतूद नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी ही प्रथा बदलली व १९२० च्या सनदेत मरणोत्तर सन्मानाचा स्पष्ट उल्लेख आला. भारतीय सैनिकांना तर १९११ पर्यंत हे पदकच खुले नव्हते. घाडगे यांचा सन्मान २ नोव्हेंबर १९४४ रोजी राजपत्रात जाहीर झाला. व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांनी मार्च १९४५ मध्ये दिल्ली येथे ते पदक त्यांच्या पत्नीच्या हाती दिले. इटलीच्या मोहिमेत दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीय सैनिकांना मिळाले. त्यांतील दुसरे मराठा वीर नामदेव जाधव (९ एप्रिल १९४५, सेन्यो नदी) मात्र बचावले.

घाडगे यांना ज्ञात समाधी नाही. कासीनो येथील स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले असून माणगाव येथे त्यांचा पुतळा आहे. त्यांची बटालियन पुढे पॅराशूट रेजिमेंटमध्ये समाविष्ट होऊन दुसरी पॅरा बटालियन झाली. जुलै २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने या गावी त्यांच्या नावाने सूर्यघटिकेच्या रूपातील स्मारक उभारण्यात आले.