शाश्वतता: पर्यावरणापलीकडचे तीन आधार

शाश्वततेच्या आधुनिक विचाराची सुरुवात खाणींच्या गरजेतून झाली. जर्मनीतील सॅक्सनीचे खाण-अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी १७१३ मध्ये वनव्यवस्थापनावर ग्रंथ लिहिला. धातू गाळण्याच्या भट्ट्यांना लाकूड पुरेनासे झाले होते, म्हणून जंगलात जेवढे वाढते तेवढेच तोडावे, असा त्यांचा आग्रह होता. ही चिंता जंगलाइतकीच उद्योगाचीही होती.

१९८७ मध्ये ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने ही कल्पना विस्तारली. पुढच्या पिढ्यांच्या गरजांना बाधा न आणता आजच्या गरजा भागवणारा विकास, अशी व्याख्या करताना आयोगाने गरिबांच्या मूलभूत गरजांना अग्रक्रम दिला. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या १७ उद्दिष्टांत म्हणूनच दारिद्र्य, आरोग्य, शिक्षण आणि स्त्री-पुरुष समानता आहे. सोळावे उद्दिष्ट तर शांतता, न्याय आणि सक्षम संस्थांचे आहे. थोडक्यात, निसर्गाच्या जोडीला समाज, अर्थव्यवहार आणि संस्था हे शाश्वततेचे आणखी तीन आधार ठरतात.

सामाजिक आधार कसा असतो, ते महाराष्ट्रातील पाणी पंचायतीने दाखवले. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे हे काम उभे केले. पाण्याचा हक्क जमिनीच्या क्षेत्रावर न ठरता कुटुंबातील माणसांवर ठरला: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनांनाही पाण्यात वाटा मिळाला आणि उसाला बंदी झाली. पाणी जपण्याचा नियम सर्वांच्या हिताचा असेल तरच सर्व जण तो पाळतात, हे त्यामागचे सूत्र.

आर्थिक आधारही तेथेच दिसतो. पाणी पंचायतीच्या उपसा सिंचन योजनेच्या भांडवली खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः उचलायचा होता. स्वतःचा पैसा गुंतला की देखभालीची जबाबदारीही आपली वाटते. केवळ अनुदानावर उभ्या राहिलेल्या योजनेत मोटार जळाली, जलवाहिनी फुटली, की दुरुस्ती कोणी करायची हा प्रश्न उरतो.

संस्थात्मक आधाराचे जुने उदाहरण म्हणजे खानदेशातील फड पद्धत. पांझरेसारख्या नद्यांवर बंधारे घालून पाटाने पाणी आणले जाई. लाभक्षेत्राचे फड, म्हणजे मोठे भाग, पाडून एका फडात एकच पीक घेतले जाई. पाटकरी ठरल्या क्रमाने पाणी देई, त्याचा मोबदला गावकरी देत. पाणी कमी असेल त्या वर्षी काही फड पडीक ठेवले जात. शेतकऱ्यांच्या जमिनी वेगवेगळ्या फडांत असल्याने तोटा एकट्याच्या माथी येत नसे. कित्येक पिढ्या ही व्यवस्था चालली. पुढे नद्यांच्या वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी वाढल्या आणि प्रत्येकाची पिकाची निवड वेगळी झाली. बंधारे जागेवर होते, पण अनेक ठिकाणी फडाची शिस्त मोडली.

हे चारही आधार एकमेकांवर अवलंबून असतात. वाटप न्याय्य नसेल तर नियम मोडले जातात, खर्च भागत नसेल तर यंत्रणा बंद पडते आणि नियम राबवणारी संस्था नसेल तर भरलेला तलावही लवकर आटतो. म्हणून एखाद्या योजनेला शाश्वत म्हणण्यापूर्वी तिने किती झाडे लावली किंवा किती पाणी अडवले एवढेच मोजणे अपुरे आहे. लाभ कोणाला मिळाला, देखभालीचा खर्च कोण देतो आणि संस्थापकानंतर ती कोण चालवणार, याची उत्तरेही मागितली पाहिजेत.